माहेरी बसलेली बायको, कुतला अडकलेला नवरा: युद्धकाळातली दांपत्यकथा कशी लिहावी

दुरावलेल्या नवरा-बायकोची युद्धकाळातली प्रेमकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा एक गोष्ट गृहीत धरतो: भांडण मिटवायचं काम युद्ध करेल. नवरा जखमी होतो, गावी बातमी येते, बायको रडते, सगळं माफ. वाचक मात्र पुस्तक मिटताना विचारतो, एवढ्यानं मिटणार होतं तर मुळात भांडले कशाला?

युद्धानं राग विझत नाही. युद्ध फक्त दोन गोष्टी बदलतं: कोणाला काय कळतं आणि ते केव्हा कळतं. समेट व्हायचा असेल तर तो दोघांपैकी एकानं, दुसरी वाट मोकळी असताना, जाणूनबुजून केलेला असावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरणासाठी पहिलं महायुद्ध घेऊ, त्यातही मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली आघाडी आणि तिथे तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावात इंग्रजांच्या हिंदी फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा. मराठी लेखकाला हा विषय जवळचा आहे. वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतली घरं तिथल्या बातमीची वाट बघत होती. शिवाय दुराव्याच्या कथेला लागणारी एक गोष्ट या वेढ्यात आयतीच मिळते, ती म्हणजे दोन्ही बाजूंची लांबलचक, अधिकृत, कोणाच्याही दोषाविना आलेली शांतता.

पायरी १: भांडण आधी ठरवा, आणि ते युद्धाशिवाय उभं राहतं का ते बघा

एका कागदावर दुराव्याचं कारण तीन वाक्यांत लिहा. त्यात युद्ध, पलटण, भरती यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नका. तीन वाक्यांत बसत नसेल तर कारण अजून सापडलेलं नाही.

चालेल असं एक कारण: थोरल्या भावाच्या कर्जापोटी सखारामनं बायकोची पुतळ्यांची माळ सावकाराकडे गहाण टाकली. सगुणाला ते सावकाराच्या घरच्या बाईकडून कळलं. ती माहेरी गेली ती परत आली नाही, आणि न्यायला कोणी आलं नाही.

हे कारण चालतं, कारण ते त्या काळातल्या कुठल्याही शेतकरी घरात घडू शकतं आणि दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. पण इथेच पहिला खड्डा आहे. लेखकाला लगेच वाटतं, सखाराम माळ सोडवायला पलटणीत जातो. तसं केलंत की तो पहिल्याच प्रकरणात निर्दोष ठरतो आणि सगुणा हट्टी दिसते. सगुणाचा राग माळेवर नाही, न विचारण्यावर आहे, म्हणून माळ परत मिळूनही भांडण मिटता कामा नये. खरं तर माळ सखाराम युद्धावरून घरी येण्याआधीच परत मिळू द्या. वाचकाला वाटतं आता झालं, आणि होत नाही. तिथून कथा खरी सुरू होते.

मारहाण, व्यसन, सवत ही कारणं टाळा असं नाही. पण मारहाणीचं कारण घेतलंत तर समेटाची किंमत फार वाढते, आणि पहिल्याच लेखनात ती बहुधा झेपत नाही. गैरसमज, म्हणजे चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी किंवा दारामागून ऐकलेलं अर्धं वाक्य, हे सर्वांत कच्चं कारण. पाच मिनिटांच्या बोलण्यात जे मिटेल त्यावर साठ हजार शब्द चालत नाहीत.

वय ठरवताना काळाचं भान ठेवा. त्या काळी लग्नं लहानपणी होत आणि मुलगी वयात आल्यावर नांदायला जाई. मुलीच्या लग्नाला किमान १४ वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ चा आहे. तुमची कथा सुरू होताना नायिका वीस-एकवीस वर्षांची, काही वर्षं सासरी नांदलेली, घरातले हिशेब कळणारी ठेवा. लग्नाचा प्रसंग दोन ओळींच्या आठवणीपुरता पुरे.

पायरी २: चार रकान्यांची वही

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिच्यावाचून कथा कोसळते. वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: इंग्रजी तारीख, मराठी महिना आणि शेतीचं काम, त्याच्याकडे काय घडलं, तिला त्यातलं काय आणि कधी कळलं. सगळी कथा चौथ्या रकान्यात असते.

आघाडीवरचे खुंटे असे: ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली, ६ नोव्हेंबरला फाव बंदराला उतरली, २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळच्या टेसिफॉनची लढाई सुरू झाली. फौज मागे हटत कुतला आली, ७ डिसेंबरला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. ११ मार्च १९१७ ला बगदाद इंग्रजांच्या हाती. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी मुद्रोसचा युद्धबंदी करार.

आता दुसरा रकाना. जुनं पंचांग किंवा तारखांवरून तिथी काढून देणारं एखादं साधन घ्या. टेसिफॉनची लढाई त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराची आहे. म्हणजे तिकडे चांदण्यात पलटण चालतेय आणि इकडे देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लागतायत. शरणागती गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या मधली, म्हणजे लग्नसराईतली. माहेरी बसलेल्या बाईला लग्नसराई कशी जाते हे वेगळं सांगायला नको. असे जोड आपोआप सापडतात, बनवावे लागत नाहीत. मात्र प्रत्येक प्रकरणात एक असा जोड घालायचा मोह आवरा. पूर्ण पुस्तकात तीन पुरे.

चौथ्या रकान्यासाठी आपला एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. उदाहरणार्थ, साधं पत्र छावणीतून गावात पोचायला सहा आठवडे. मुंबईपर्यंतची बोट आठवडा-दहा दिवसांत येईल, पण छावणी, तपासणी, डाक, तालुक्याचं पोस्ट आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी फिरणारा पोस्टमन हे सगळं त्यात धरा. कथेला सोयीचं म्हणून एखादं पत्र बारा दिवसांत पोचवलंत तर वाचकाच्या लक्षात येतं, आणि त्यानंतर उशीर झालेल्या कुठल्याच पत्राची धाकधूक त्याला वाटत नाही.

पायरी ३: पलटण, हुद्दा, पैसा

इथल्या चुका सर्वांत जास्त आणि टाळायला सर्वांत सोप्या.

१९१५ साली ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ नावाची एक रेजिमेंट नव्हती. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या पलटणी होत्या; त्या १९२२ मध्ये एकत्र आल्या आणि बेळगावचं केंद्र तेव्हापासूनचं. म्हणून सखारामला ‘बेळगावच्या मराठा सेंटरला’ भरती करू नका. तो ‘एकशेतीनला’ आहे म्हणा. एकशेतीनला ‘जंगी पलटण’ म्हणतात, हे एखाद्या म्हाताऱ्या पेन्शनर सुभेदाराच्या तोंडी शोभेल. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आज ठाऊक असलेली रणगर्जना दुसऱ्या महायुद्धातली. १९१५ च्या तोंडी ‘हर हर महादेव’ ठेवा.

हुद्दे शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर असे चढत जातात. ‘नायब सुभेदार’ हे स्वातंत्र्यानंतरचं नाव. मराठा पलटणीत सगळे मराठाच नसत. दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत. सखारामचा जिवलग दोस्त सातारा जिल्ह्यातलाच मुसलमान शिपाई दाखवलात तर ते आजच्या सोयीसाठी केलेलं नाही, इतिहासाला धरून आहे. महार समाजाची भरती मात्र १८९० च्या दशकात बंद झाली होती. १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये. गावातल्या निवृत्त महार शिपायाचं जुनं पदक आणि नव्या पिढीला मिळालेला नकार, एवढ्यावर एक उत्तम दुय्यम पात्र उभं राहतं.

पगार: पायदळाच्या शिपायाला महिना ११ रुपये, १९११ पासून. शांततेच्या काळात जेवणखाण त्यातूनच. त्यातली ठरावीक रक्कम घरी लावून देता येई. इथे लेखकाला मोठा निर्णय घ्यायचा असतो: ती रक्कम सखारामनं कोणाच्या नावे लावली? थोरल्या भावाच्या, की माहेरी बसलेल्या सगुणाच्या? दुराव्याची अख्खी अवस्था या एका ओळीत सांगता येते. भावाच्या नावे सुरुवात करा आणि १९१५ च्या उन्हाळ्यात ती बदलायला लावा. कारण सांगू नका. सासरी काय भडका उडतो तो लिहा.

अजून एक वस्तू हाताशी ठेवा. चांदीच्या टंचाईमुळे ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारनं एक रुपयाची नोट काढली. रुपया म्हणजे वाजवून घ्यायचं चांदीचं नाणं, एवढंच माहीत असलेल्या गावात कागदी रुपया आला की माळ सोडवायला गेलेल्या सगुणापुढे सावकार काय तोंड करेल, हे लिहायला हात शिवशिवले पाहिजेत.

पायरी ४: पत्र

नवशिक्याचं पत्र ‘प्रिय सगुणा’नं सुरू होतं आणि दीड पान मन मोकळं करतं. १९१५ चा शेतकरी शिपाई असं पत्र लिहीत नाही, लिहू शकत नाही. बहुधा तो स्वतः लिहीतच नाही. पलटणीतला लिहिता येणारा गडी त्याचं ऐकून मोडीत उतरवतो. वर तपासनीस वाचतो. गावी ते पत्र थोरल्या भावाच्या नावे येतं, मास्तर किंवा कुलकर्णी मोठ्यानं वाचतो आणि ओसरीवर दहा माणसं ऐकतात. एवढ्या कानांमधून जाताना प्रेमाचा शब्द टिकत नाही. त्यामुळे प्रेम दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दात घालावं लागतं, आणि पत्र लिहिण्याची सगळी मजा तिथे आहे. नमुना:

‘तीर्थरूप दादा यांचे सेवेसी सखारामाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवीत जावी. मनीऑर्डर पावली की नाही ते लिहावे. इकडे नदीचे पाणी गढूळ, निवळून प्यावे लागते. ढवळ्याचा पाय बरा झाला काय. मसूरकडील मंडळींची खुशाली कळल्यास लिहावी. रामभाऊस आशीर्वाद. कळावे, कृपालोभ असावा ही विनंती.’

सगुणाचं माहेर मसूर. ‘मसूरकडील मंडळी’ एवढ्यात सखारामला जे विचारायचं ते विचारून झालं. आता काम चौथ्या रकान्याचं: दादा हे वाक्य मसूरला पोचवतो का? आमच्या मते पोचवू नये. चार महिन्यांनी, वेढा पडून पत्रं बंद झाल्यावर, वाचून दाखवणाऱ्या मास्तराच्या बायकोनं बाजारात सगुणाला सहज सांगावं, ‘तुझी खुशाली इचारली व्हती की गं.’ तेव्हा उत्तर द्यायची सोय उरलेली नसते.

नवऱ्यानं बायकोला थेट लिहिलंच, तर त्या काळच्या रीतीनं ‘चि. सौ. सगुणाबाई हीस अनेक आशीर्वाद’. पूर्ण कादंबरीत असं एकच पत्र ठेवा. एकूण पत्रं आठ-नऊच्या वर नकोत आणि प्रत्येक १५० शब्दांच्या आत. यापेक्षा जास्त झाली की कथा पत्रांची फाइल होते आणि घडणाऱ्या गोष्टी ‘कळवलेल्या’ गोष्टी होतात.

हिंदी शिपायांच्या तपासलेल्या पत्रांचे इंग्रजी अनुवाद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतले बरेच छापूनही आलेले आहेत. ते जरूर वाचा, पण ती मुख्यतः फ्रान्सच्या आघाडीवरची आणि बरीचशी उत्तरेकडच्या शिपायांची पत्रं आहेत हे विसरू नका. त्यांतला सूर घ्या, मजकूर उचलून मराठी शिपायाच्या तोंडी घालू नका.

पायरी ५: तिच्यापुढची दुसरी वाट

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सगुणाकडे सखारामला सोडून जायचा खरा, समाजमान्य रस्ता हवा. तो नसेल तर तिचं थांबणं हा निर्णय राहत नाही, नाइलाज होतो.

कुणबी आणि इतर अनेक शेतकरी, कारागीर जातींत हा रस्ता होता: पंचांसमोर काडीमोड, आणि मग पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न. विधवेलाही पाट लावता येई. काही भागांत त्याला मोहतूर म्हणतात. उच्चकुलीन म्हणवणाऱ्या मराठा घरांत मात्र पाटाला मान्यता नव्हती, ब्राह्मणांत तर नाहीच. म्हणून सखारामचं घर नेमकं कुठल्या पायरीवर आहे हे लेखकानं पहिल्या दिवशी ठरवावं. सर्वांत रसाळ जागा सीमेवरची: तिचं माहेर पाट मानणारं, सासर आपण कुलीन म्हणून नाक वर करणारं. मग पाटाचा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही, दोन घरांच्या इभ्रतीचा होतो. हे तपासायला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ चा सातारा खंड बघा. जातवार रीतिरिवाज सविस्तर आहेत. लिहिणारे साहेब होते, त्यामुळे त्यांच्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करून तपशील तेवढा घ्या.

कायद्याची बाजू वेगळी. १८७२ च्या पुरावा कायद्यानं सात वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मेला असं धरता येई. कुतला बेपत्ता झालेल्याची सात वर्षं म्हणजे १९२३. पंच एवढं थांबत नाहीत, तिचा माहेरचा भाऊही थांबत नाही. सरकारी कागद, जातीचे पंच आणि सगुणाचं मन या तिघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. मधल्या शंभर पानांचा ताण याच्यावर उभा करा. नांदायला येत नाही म्हणून बायकोवर दावा लावायची सोयही होती. मुंबईत १८८४ पासून गाजलेला रखमाबाईंचा खटला त्याच प्रकारचा. पण साताऱ्याकडचा शिपाई कोर्टात जाणार नाही. गावात चार माणसं बसवली जातील. कोर्टाचा प्रसंग घातलात तर तो दिखाऊ होतो.

पाटासाठी येणारा माणूस वाईट ठेवू नका. हा नियम मोडला की पुस्तक संपलं. तो बिजवर असेल, त्याला एक लहान मूल असेल, बागायत असेल, आणि तो सगुणाला प्रत्येक गोष्ट विचारून करत असेल. वाचकानं क्षणभर म्हटलं पाहिजे, जा बाई याच्याकडे.

पायरी ६: वेढा

वेढ्याची प्रकरणं लिहिताना पहिली चूक हवामानाची. मेसोपोटेमिया म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे ऊन, असं धरून जानेवारीत शिपायांना घाम फोडला जातो. तिथली थंडी कडक. जानेवारी १९१६ मध्ये पाऊस, चिखल आणि तैग्रिसचा पूर यांनी खंदक भरले होते. भाजणारं ऊन भेटतं ते नंतर, कैद्यांच्या पायपिटीत.

दुसरी चूक लढाईच लढाई दाखवायची. वेढा मुख्यतः भुकेचा आहे. शिध्यात दर काही आठवड्यांनी कपात, पीठ कमी, त्यात जव, तंबाखू संपलेली. सुटकेसाठी आलेली फौज काही मैलांवर अडकलेली, तिच्या तोफा ऐकू येतात पण माणसं येत नाहीत. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकायचा प्रयत्न झाला. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन नदीनं निघाली आणि पकडली गेली. पाच दिवसांनी शरणागती.

या सगळ्यात तुमच्या कथेच्या कामाची गोष्ट घोड्याचं मांस. गोऱ्या शिपायांनी ते आधीच खायला सुरुवात केली. बहुतेक हिंदी शिपायांनी महिनोन् महिने नकार दिला, आणि त्याची किंमत अशक्तपणा, हिरड्यांतून रक्त, न भरणाऱ्या जखमा यांनी मोजली. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांची संमती बिनतारी यंत्रानं मागवली गेली, तरी भीती गावाची होती: परत गेल्यावर जात काय म्हणेल, मुलींना स्थळं मिळतील का. एप्रिलमध्ये अनेकांनी अखेर खाल्लं.

सखाराम खातो. त्याच महिन्यांत मसूरला सगुणाच्या पाटाची बोलणी चालू आहेत आणि ती नाही म्हणत नाहीये. पंचांपुढे उघड झालं तर दोघांनाही जड जाईल असं काहीतरी दोघांकडे आता आहे, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही. पुढच्या समेटाचं सगळं सामान इथे गोळा होतं. म्हणून मांस खाण्याचा प्रसंग घाईनं उरकू नका. पूर्ण एक प्रकरण द्या, दोन हजार शब्द. त्यात तोफ नको.

पायरी ७: प्रकरणांची आखणी

पहिल्या कादंबरीसाठी साठ हजार शब्द, दोन-दोन हजारांची तीस प्रकरणं हा बेत झेपतो. वाटणी साधारण अशी: १ ते ५ संसार, भांडण, तो पलटणीत जातो. ६ ते १२ पत्रांचा काळ, ऑक्टोबर १९१४ ते नोव्हेंबर १९१५. १३ ते १८ वेढा. १९ ते २२ कैद आणि गाव, १९१६ ते १९१८. २३ ते ३० परत आल्यानंतर.

शेवटच्या वाटणीकडे पुन्हा बघा. तो घरी येतो तेव्हा आठ प्रकरणं उरलेली असतात. पुनर्भेट शेवटच्या पानावर ठेवणं ही या प्रकारातली सर्वांत महाग चूक, कारण दुरावलेल्या जोडप्याची खरी गोष्ट दोघं एका छपराखाली आल्यावरच लिहिता येते. त्याआधी वीसेक प्रकरणं ती दोघं समोरासमोर नसतात, आणि तेवढा वेळ वाचकाला जोडप्यात गुंतवून ठेवणं कठीण असतं. त्यावर एक खात्रीचा उपाय: भांडणाचा तोच एक दिवस दोनदा लिहा. चौथ्या प्रकरणात सखारामच्या आठवणीत, चौदाव्यात सगुणाच्या. घटना बदलू नका, फक्त कोणी काय बघितलं ते बदला. त्याला आठवतं की ती काही न बोलता निघाली. तिला आठवतं की ती उंबऱ्यात थांबली होती आणि त्यानं मान वर केली नाही.

प्रकरणं एक त्याचं, एक तिचं अशी काटेकोर लावू नका. वेढ्याच्या काळात त्याची चार, तिची दोन. कैदेच्या काळात उलट. कैदेतली पायपीट, म्हणजे बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल आणि शेवटी रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर, एका प्रकरणात आटपा. हजारो हिंदी कैदी त्यातून परत आले नाहीत. तपशील जितका भीषण, तितकी वाक्यं कमी ठेवा.

बातमी गावात आणायला एक ऐतिहासिक सोय आहे. शरणागतीनंतर आजारी आणि जखमी अशा हजारावर शिपायांना तुर्कांनी अदलाबदलीत सोडलं. त्यांतला एक तुमच्या तालुक्यातला असू द्या. १९१६ च्या पावसाळ्यात तो घरी येतो आणि सखारामला जिवंत बघितल्याचं सांगतो, पण तेव्हापर्यंतचंच. डेपोतून आलेला ‘बेपत्ता’ कागद आणि या माणसाचा शब्द यांत गाव दोन बाजूंना वाटलं जातं. त्याला मांसाचीही गोष्ट माहीत आहे. तो ती कोणाला सांगेल?

१९१८ विसरू नका. पाऊस दगा देऊन गेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झा आला. दख्खनच्या गावांत घरंच्या घरं आडवी झाली. युद्धकथेत मरण आघाडीवर असतं असा वाचकाचा हिशेब असतो. तो इथे उलटतो: सखाराम जगून येतो तेव्हा दादा उरलेला नसतो, आणि ज्याच्यावर रागवायचं तोच नसल्यामुळे जुनं भांडण अर्धवट लटकतं.

पायरी ८: परत येणं

तो १९१९ च्या सुरुवातीला येतो. पुण्याहून मीटरगेज रेल्वेनं सातारा रोडला उतरवा आणि पुढे बैलगाडी किंवा पायी. सातारा रोड स्टेशन शहरापासून दूर आहे, हे लक्षात ठेवा. शहरात थेट गाडी घातलीत तर साताऱ्याचा वाचक तिथेच थांबेल.

पहिल्या भेटीत दोघांना बोलू देऊ नका. चारचौघांत नवरा-बायकोनं बोलायची रीतच नव्हती, त्यामुळे हे सहज साधतं. ती त्याचं नाव घेणार नाही. ‘अवो’, ‘धनी’, ‘ह्यांनी’. तोही तिला चारचौघांत नावानं हाक मारणार नाही. दोघं घरातल्या तिसऱ्या माणसाकडे बघून बोलतात: ‘त्यांना म्हनावं, पानी तापलंय.’ याच वाक्याचं उलटं रूप पुढे वापरायला ठेवा. तिसरं माणूस खोलीत नसताना ती तेच वाक्य बोलून जाते, आणि मग दोघांनाही कळतं की ते कोणाला म्हटलं.

माफीचं लांब भाषण नको. या जोडप्याचं भांडण न विचारण्याचं होतं, तेव्हा समेटाचा प्रसंग म्हणजे एक साधा प्रश्न: वावर विकायचं का, पेन्शनच्या पैशातून आधी बैल घ्यायचा की विहीर, असं काहीही. त्यानं तिला विचारायचं आणि तिनं ‘नको’ म्हणायचं. आणि त्यानं ऐकायचं. तिचं उत्तर ‘तुम्हाला वाटेल ते’ असं आलं तर प्रसंग वाया गेला.

मांस आणि पाट ही दोन गुपितं एकाच रात्री उघडू नका. तिचं आधी, गावच्या तोंडून, त्याला दुखेल असं. त्याचं नंतर, त्याच्या स्वतःच्या तोंडून. यांत किमान तीन प्रकरणांचं अंतर ठेवा, म्हणजे सौदा वाटणार नाही.

पायरी ९: भाषा

निवेदन आजच्या मराठीत, संवाद बोलीत, पत्रं त्या काळच्या लेखी भाषेत. बोली सगळीकडे सारख्याच दाटपणानं लावली की वाचक दमतो. क्रियापदं आणि संबोधनं बोलीत ठेवा, बाकी सैल सोडा. साताऱ्याची बोली आणि मालवणी यांची भेसळ करू नका. नायक रत्नागिरीचा असेल तर घर, शेती, प्रवास, सगळंच बदलतं: भात, समुद्र, मुंबईहून आगबोट, आणि मुंबईत गिरणीत असलेला एखादा भाऊ.

सगुणाच्या मनातलं बोलायला जात्यावरच्या ओव्यांसारखं साधन नाही. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या ओव्या ऐकायला मिळतात. नवरा, माहेर, भाऊ, सासूरवास या विषयांवरच्या ऐका, मग बंद करा आणि दोन-तीन ओव्या स्वतः रचा. जशीच्या तशी उचलू नका. ती कोणाची तरी आहे.

शब्द त्या काळात होता का, हे बघायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जालावर शोधता येतो. ‘तणाव’, ‘नातं टिकवणं’, ‘स्पेस’, ‘संवाद साधणं’ असे शब्द सगुणाच्या डोक्यात शिरले की ती १९१६ मधून उठून जाते. ‘घटस्फोट’ हा शब्दही गावातल्या तोंडी नको. काडीमोड, सोडचिठ्ठी म्हणा. ‘ती नांदत नाही’, ‘माहेरी बसली’ हे त्या घरातले शब्द.

पात्रांची नावं शोधायला राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीनुसार मृतांच्या याद्या चाळा. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो, आणि काहींत ‘अमुकीचा नवरा’ असंही. नावांची धाटणी तिथून घ्या. एखाद्या खऱ्या माणसाचं नाव आणि गाव एकत्र उचलू नका. जमलं तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचं स्मारकही बघून या. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांसाठी आजही गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं.

पहिला खर्डा झाल्यावर

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. वाचकाला आणि दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टींखाली निळी रेघ, फक्त एकालाच ठाऊक असलेल्या गोष्टींखाली लाल. सलग तीन प्रकरणं निळी निघाली तर तिथे कथा थांबलेली आहे. एखादं पत्र उशिरा पोचवा किंवा एखादी बातमी चुकीच्या घरी न्या.

मग युद्धाचे सगळे प्रसंग मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेली पानं वाचा. भांडण आणि समेट तरीही कळतात का? कळत असतील तर युद्ध परत घाला. मधेच समेट अधांतरी लटकला तर पायरी १ चा कागद पुन्हा काढा.

शेवटी खर्डा दोन-तीन वाचकांना द्या, त्यांत एखादी साठीपुढची बाई असू द्या, आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका. एवढंच विचारा: ‘सगुणानं पाट लावला असता तर तुम्हाला राग आला असता का?’ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं तर पाटासाठी येणाऱ्या माणसाची प्रकरणं पुन्हा लिहायला घ्या. सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं तर सखारामची.